मंगळा गिरणीच्या भिंतीवरचं पुरी-अक्षर

१ जानेवारी १९६१, रविवार

वर्षाच्या पहिल्या दिवशी यादी करायची, हा माझा नेम. आजपर्यंत मी स्वतःच्या हातानं काय काय केलं ते असं:

दुकानांच्या पाट्या दोनशे सतरा. पैकी तमिळ एकशे एकाहत्तर, इंग्रजी चव्वेचाळीस, मराठी दोन. एकतीस बसगाड्यांच्या कपाळावरची गावांची नावं. सोड्याच्या हातगाड्या तीन. बांबूची वीस फुटी शिडी एक. पायऱ्या सोळा, एकही डुगडुगत नाही. खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले नऊ, केवड्याच्या मुळांचे चार. पितळी ओळंबा एक, मीच ओतलेला. आणि एक अक्षर.

शेवटचं नीट लिहून ठेवतो. अक्षर म्हणजे एखादं अ किंवा क नव्हे, अक्षराची एक नवी जातच. अडीच वर्षांपूर्वी स्टेशन रस्त्यावरच्या कॉफी क्लबात माझ्यापुढं पुरी आली. टम्म फुगलेली, कुठं कोपरा नाही, आणि वरच्या डाव्या अंगाला तेलाची एकच चकाकी. ती बसेपर्यंत मी बघत राहिलो. वेटर म्हणाला, "रायरे, पुरी बिघडलीय का?" इथले तमिळ लोक आम्हा तंजावुरच्या मराठी माणसांना सगळ्यांनाच रायर म्हणतात. मी म्हटलं, "पुरी बरोबर आहे, आजवरच्या पाट्या बिघडल्या."

तमिळ अक्षराला मुळातच पोट असतं. ते मी फुगवलं. आत हवा भरल्यासारखी कड, खाली उजवीकडं सावली, वर डावीकडं पांढरी चकाकी. लोक हसून त्याला पुरी-एळुत्तु म्हणतात, म्हणजे पुरी-अक्षर. हसू देत. मद्रासलासुद्धा असं कोणी काढत नाही, हे मी चौकशी करून लिहितोय.

पद्धतही माझीच. आधी भिंतीवर खडूची टिंबं मारायची, चार चार बोटांवर. मग टिंबांना वळसे घालत हात न उचलता एक रेघ, जिथून निघाली तिथंच येऊन मिटणारी. मला गुरू नाही. मी कोणाकडून काही घेतलेलं नाही.

आज सकाळी शिडी घेऊन निघालो तर दारात चंद्रमतीची मार्गळी महिन्याची रांगोळी, पंधरा टिंबं आडवी, पंधरा उभी, उंबऱ्यापासून गटारापर्यंत. पाय कुठं ठेवावा माणसानं?

"उडी मारा," म्हणाली.

सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला, खांद्यावर वीस फुटी शिडी असताना, बायको सांगते उडी मारा. मागच्या दारानं गेलो.

८ जानेवारी, रविवार

मोठं काम आलं. वैद्यनाथ पिळ्ळै यांची रेल्वेलाइनला लागून भातगिरणी आहे. तिची लाइनीकडची भिंत साठ फूट लांब, नऊ फूट उंच, तोंड पूर्वेला. मद्रासकडून येणारी गाडी सिग्नलला थांबते ती बरोबर समोर.

पिळ्ळै म्हणाले, "रायरे, गाडीतल्या माणसाचा चष्मा घरी राहिला असला तरी वाचता आलं पाहिजे. आणि वाचून हसला तरी चालेल, विसरता कामा नये."

मजकूर तमिळमध्ये: मंगळा अरिसि आलै. म्हणजे मंगळा भातगिरणी. तमिळमध्ये अनुस्वाराचं वेगळं अक्षर होतं आणि काना सुटा उभा राहतो, म्हणून आकार दहा: पाच, तीन, दोन. शेवटच्या लै ला पुढं हत्तीसारखी सोंड असते. ती सोंड फुगवायला मिळणार म्हणून मला आत्तापासून आनंद होतोय.

१९ जानेवारी, गुरुवार

पोंगलसाठी पिळ्ळैंनी भिंतीला चुना मारून घेतला आणि लगेच म्हणाले, चला, सुरू करा. मी नाही म्हटलं. ओल्या चुन्यावर एनामलचा रंग बसत नाही, फोड येतात.

"बोटाला लागत नाही की हो," ते म्हणाले, आणि बोट दाखवलं.

"बोटाला लागत नाही. नाकाला लागतो."

मी भिंतीला नाक लावून दाखवलं. गिरणीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तीन आठवडे थांबायचं ठरलं. पिळ्ळै कुरकुरले, पण जाताना त्यांनीही एकदा नाक लावून बघितलं.

१२ फेब्रुवारी, रविवार

चुना सुकला. आज निळीच्या दोरीनं ओळी मारल्या. हिशेब: दहा अक्षरं साडेचार साडेचार फुटांची, झाले पंचेचाळीस. दोन शब्दांमधली जागा तीन तीन, झाले सहा. अक्षरांमधली सात फटी, एकेक फूट. दोन्ही टोकांना एकेक. बरोबर साठ. भिंत आणि मजकूर एकमेकांसाठीच जन्मल्यासारखे.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

लिहायला लाज वाटते, पण ही वही खोटं लिहायला ठेवलेली नाही.

मंगळा हा शब्द पूर्ण झाला. पाचही अक्षरं तांबड्या एनामलनं भरली, कड काळी, चकाकी पांढरी. पुढची पाच खडूनं मांडायला लागलो आणि लै ला जागाच उरली नाही. चार वेळा मोजलं. मग कळलं. हिशेब मी सुक्या अक्षराचा केला होता. फुगलेलं अक्षर दोन्ही अंगांना तीन तीन इंच वाढतं. दहा अक्षरांचे पाच फूट. बरोबर एका अक्षराएवढी चूक.

लै शिवाय आलै होत नाही. आणि लै नाही तर गिरणीच नाही. पिळ्ळै अजून आले नाहीत. ज्या माणसानं त्यांना तीन आठवडे भिंतीचा वास घ्यायला लावला, त्याला भिंत मोजता आली नाही, हे ते साऱ्या बाजाराला सांगतील. आणि त्यांचं चुकणार नाही.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

कामावर गेलो नाही. जेवताना उडीदपिठाच्या दह्यातल्या डांगर पच्चडीला हात लावला नाही, तेव्हा चंद्रमतीनं विचारलं.

"काय झालंय भिंतीला?"

"भिंतीला काही नाही. शेवटच्या अक्षराला जागा नाही."

"किती कमी पडतेय?"

"पाच फूट."

"मग दाटीनं बसवा की. लग्नाच्या पंगतीत बायका बसतात तशी. एकीचा गुडघा दुसरीच्या मागं. पाच बायका जास्त आल्या म्हणून कोणी उठून जातं होय?"

"अक्षरं म्हणजे बायका नव्हेत. तू भात वाढ."

तिनं भात वाढला. जरा जोरातच वाढला.

१८ फेब्रुवारी, शनिवार

आज मला एक युक्ती सुचली. अशी युक्ती दहा वर्षांत एकदा सुचते.

अक्षरांमधली फट काढूनच टाकायची, आणि प्रत्येक अक्षर आधीच्या अक्षराच्या मागं नऊ इंच सरकवायचं. पुढच्याची कड पूर्ण दिसते, मागच्याची थोडी झाकते. नऊ इंचच. दहाव्या इंचाला अक्षर ओळखू येत नाही, हे मी पुठ्ठे कापून पाहिलं. एका जोडामागं पावणेदोन फूट वाचतात. अरिसि मध्ये दोन जोड, आलै मध्ये एक, झाले सव्वापाच फूट. पाच हवे होते. तीन इंच उरले!

आणि नुसती जागा वाचली असं नाही. अक्षरं जिवंत झाली. एकमेकांना रेटून, खांद्याला खांदा लावून बसल्यासारखी.

घरी आल्यावर चंद्रमतीला सांगितलं. म्हणाली, "बरं झालं. हात धुवा."

तिला कलेतलं फारसं कळत नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार

भिंत झाली. पिळ्ळै आले, लाइनीपलीकडं जाऊन उभे राहिले. मग ओरडून म्हणाले:

"रायरे, ही पुढची पाच शाळेत उभी आहेत. ती मागची पाच जत्रेला निघालीत. सगळ्यांनाच जत्रेला पाठवा!"

म्हणजे मंगळा खरवडून पुन्हा काढायचं. मी आनंदानं हो म्हटलं. अशा गिऱ्हाइकासाठी माणूस भिंत चाटूनसुद्धा साफ करील.

९ मार्च, गुरुवार

आता पूर्ण झाली. सगळे दहा एकमेकांच्या मागं. जी जागा सुटली तिथं भाताची एक लोंबी काढली, दाणे बेचाळीस. चकाकी प्रत्येक अक्षराला एकाच बाजूला आहे, सकाळी नऊचं ऊन पडतं त्या बाजूला. नऊ वाजता भिंतीसमोर उभं राहावं. खरं ऊन आणि माझं ऊन ओळखू येत नाही.

संध्याकाळी शेषगिरीराव आले. चंद्रमतीचे थोरले भाऊ, कलेक्टर कचेरीत हेड क्लार्क. कॉफी घेता घेता म्हणाले, "भावोजी, आमच्या आजोबांनी राजवाड्यात दप्तर सांभाळलं. तुम्ही भिंती सांभाळता."

मी म्हटलं, "दप्तराला वाळवी लागली. भिंत अजून उभी आहे."

वसुमती फिस्सकन हसली. माझी मुलगी, यंदा शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मामांना राग आला, पण दुसरी कॉफी घेतली.

१० एप्रिल, सोमवार

मद्रासहून पत्र. इंग्रजी, टाइप केलेलं. इंग्रजी अक्षरं मी तंजावुरात कोणाहीपेक्षा सुबक काढतो. वाचायचं काम वसुमतीचं. अन्नम सोप वर्क्सचे पब्लिसिटीवाले व्यंकटरमण यांनी गाडीतून भिंत पाहिली. गाडी सिग्नलला अकरा मिनिटं थांबली होती. अकरा मिनिटं ते दुसऱ्या कशाकडंही बघू शकले नाहीत, असं लिहिलंय. भेटायला येतात.

वसुमतीकडून ते वाक्य तीन वेळा वाचून घेतलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "अप्पा, आता पाठ झालं."

१६ एप्रिल, रविवार

व्यंकटरमण येऊन गेले. पांढरा मलमलचा शर्ट, बोटात पुष्कराज, बोलणं गोड. तमिळमध्ये बोललो, इथं मराठीत उतरवतो.

कंपनीला पुरी-अक्षर विकत हवंय. सगळ्या मद्रास राज्यात, प्रत्येक रेल्वेलाइनीवर, अन्नम साबण याच अक्षरात. अक्षर कंपनीच्या नावावर नोंदवणार. मला मद्रासला नोकरी, हाताखाली चार पेंटर. गावोगावी माझं अक्षर! कन्याकुमारीला जाणारा माणूससुद्धा खिडकीतून ते बघणार.

एक कागद भरून द्यायचा आहे. त्यात अक्षर काढायची कृती लिहायची, पहिल्यांदा कधी काढलं ती तारीख लिहायची, आणि खाली सही. सहीच्या वरचा मजकूर वसुमतीनं वाचून सांगितला: ही अक्षरशैली मी एकट्यानं, माझ्याच कल्पनेनं निर्माण केली आहे, दुसऱ्या कोणाचाही तीत कसलाच भाग नाही.

"हे तर लिहायलाच नको," मी व्यंकटरमणांना म्हटलं. "साऱ्या तंजावुराला ठाऊक आहे."

"तरी वकिलांना कागद लागतो, रायर. तीस तारखेला मी परत येतो."

शेषगिरीरावांना दुपारीच बातमी लागली. आज त्यांनी मला पहिल्यांदा आर्टिस्ट म्हटलं. मी दोनदा ऐकू आलं नाही असं दाखवलं, म्हणजे त्यांना आणखी दोनदा म्हणावं लागलं.

२० एप्रिल, गुरुवार

कृती लिहायला बसलो. मी मराठीत सांगायचं, वसुमतीनं इंग्रजी करायचं.

"पहिली पायरी. समान अंतरावर टिंबं मारावीत."

तिनं लिहिलं.

"दुसरी पायरी. टिंबांना स्पर्श न करता, त्यांच्या भोवतीनं वळसे घेत एकच अखंड रेघ काढावी. हात उचलू नये. रेघ सुरुवातीच्या जागी येऊन मिटावी."

लेखणी थांबली. तिच्या खांद्यांकडं बघून कळलं की हसतेय.

"अप्पा, हा तर अम्माचा कोलम."

"काय?"

"दारातला कोलम. रोजचा. मद्रासच्या माणसाला तुम्ही अम्माचा कोलम विकताय."

मी तिला उठून अभ्यास कर म्हणालो. आवाज चढला. आत चंद्रमतीला ऐकू गेलं असणार, पण ती बाहेर आली नाही.

भिंतीवरचं अक्षर आणि दारातली रांगोळी यांत काही संबंध नाही. एक उभं आहे, एक आडवं. एक एनामलचं, एक तांदळाच्या पिठाचं.

२१ एप्रिल, शुक्रवार

पहाटे उठून उंबऱ्यावर बसलो. हातात फूटपट्टी.

चंद्रमती सडा घालत होती. "आज काय, शिडीला वाट हवी?"

"नको. बघतोय."

"काय बघताय?"

"टिंबं."

ती बसली आणि चिमटीतून टिंबं सोडत गेली. मी मोजली. दोन टिंबांत दोन बोटं. मी भिंतीवर चार बोटं घेतो, पण माझी रेघही दुप्पट जाड असते. प्रमाण तेच. मग तिनं वळसे घ्यायला सुरुवात केली. हात उचलला नाही. कोपऱ्यावर मनगट कसं आतून फिरतं ते पाहिलं. माझंही तसंच फिरतं. मला वाटायचं ते वळण माझ्या मनगटाला जन्मतः आहे.

"हे तू कोणाकडून शिकलीस?"

"कोणाकडून म्हणजे? सासूबाईंकडून. तुमच्या आईकडून. माझ्या माहेरी नऊच्या वर टिंबं कोणाला येत नव्हती. त्या म्हणायच्या, तुळजा लहानपणी रोज माझी टिंबं पुसायचा नि मग बोटानं परत काढायला बसायचा."

तुळजा म्हणजे मीच, पण मला यातलं काही आठवत नाही.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलंत कधी?"

२३ एप्रिल, रविवार

दोन दिवस विचार केला. टिंबं आईची आहेत, हे मान्य. पण कावेरीकाठच्या प्रत्येक दारात टिंबं आहेत. हवेवर जशी कोणाची सही नसते तशी टिंबांवरही नाही. एकट्यानं या शब्दाला त्यानं बाध येत नाही. असं ठरवून पुढचा रकाना घेतला: अक्षरांना एकमेकांच्या मागं बसवण्याची कल्पना प्रथम केव्हा. व्यंकटरमण म्हणाले होते, खरी किंमत याच गोष्टीची आहे. सुटी फुगलेली अक्षरं आणखी कोणी काढील. ही रेटारेटी कोणाजवळ नाही.

तारीख अचूक हवी म्हणून ही वही काढली. अठरा फेब्रुवारी. "आज मला एक युक्ती सुचली." ठीक.

त्याच्या वर सतरा फेब्रुवारी होती.

दोन्ही पुन्हा वाचल्या. सतरा तारखेला ती बोलली, अठरा तारखेला मला सुचली. मधे एक झोप. दोन्ही माझ्याच हस्ताक्षरात आहेत, आणि माझं हस्ताक्षर स्वच्छ आहे. वाचायला चूक होण्यासारखं काही नाही.

कागद घडी करून पेटीत ठेवला.

२५ एप्रिल, मंगळवार

शेषगिरीराव आले, आणि आज मी ठरवून चंद्रमतीलाही समोर बसवलं. सगळं सांगितलं.

शेषगिरीराव हसायलाच लागले. "भावोजी, माझ्या ऑफिसात रोज पन्नास सह्या होतात. ज्यानं मजकूर सुचवला त्याचं नाव लिहायला लागलो तर शिपायापासून सुरुवात करावी लागेल."

"तुमचा मजकूर कन्याकुमारीपर्यंत कोणी वाचत नाही."

मग चंद्रमतीकडं वळलो. मला वाटलं, तिला बरं वाटेल. तर ती चिडली.

"अहो, पंगतीचं मी सहज बोलले. सांबार उतरवताना माणूस शंभर गोष्टी बोलतं. सही करा नि मोकळे व्हा. मी काय मद्रासला जाऊन सांगणारे, ती युक्ती माझी म्हणून?"

"तू सांगणार नाहीस. पण ते खरं आहे की नाही?"

"खरं घेऊन काय करायचं? वसुला कॉलेजात घालता येईल. कुंभकोणमचं कॉलेज काय फुकट आहे?"

"अक्षराबद्दल बोलतोय मी."

"आणि मी घराबद्दल. सोळा वर्षं पाट्या रंगवून तुम्हाला आर्टिस्ट म्हटलं कोणी? आता म्हणतायत तर घ्या की म्हणवून!"

शेषगिरीराव म्हणाले, "ऐका तिचं. आमची बहीण लहानपणापासून हुशार."

"तेच तर मी म्हणतोय!" मी ओरडलो.

२८ एप्रिल, शुक्रवार

चंद्रमतीनं भिंत कधी पाहिलीच नव्हती, हे परवा बोलता बोलता कळलं. दोन महिने मी तिला भिंतीच्या गोष्टी सांगत होतो. ती हो हो म्हणत होती.

आज घेऊन गेलो. गिरणीमागची पायवाट, कोंड्याचे ढीग. लाइनीपलीकडं उभी केली. नऊ वाजले होते, मुद्दाम. ऊन बरोबर चकाकीवर आलं. एरवी मी गिऱ्हाइकाला ऊन समजावून सांगतो; आज ते तिच्यावर सोडलं.

ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं चालत गेली. परत आली. अरिसि पाशी थांबली.

"ही बसणार कशी?"

"कोण?"

"ही, सि. वरून रि च्या मागं आहे आणि खालून पाय पुढं काढलाय. पंगतीत अशी बसली तर शेजारणीच्या पानात पाय पडेल."

मी लाइन ओलांडून भिंतीशी गेलो. फूटपट्टी लावली. वरचा जोड मागं, खालचा जोड पुढं. चार इंचांची चूक. पिळ्ळैंनी पाहिली नाही, व्यंकटरमणांनी अकरा मिनिटांत पाहिली नाही, मी दोन महिन्यांत पाहिली नाही.

"बाकीच्या?" मी तिथूनच विचारलं.

"बाकीच्या नीट बसल्यात." मग पुन्हा एकदा बघून, "छान बसल्यात. चकाकी कुठून आणलीत हो? आमच्या पिठाला अशी येत नाही."

"ती माझी," मी म्हटलं. "ती पूर्णपणे माझी आहे."

"मग? मी कुठं माझी म्हटलं?"

परत येताना तिनं बाजारातून शेवग्याच्या शेंगा घेतल्या. मी पिशवी धरली.

२९ एप्रिल, शनिवार

सि चा पाय मागं घेतला. अडीच तास लागले. पिळ्ळै विचारत होते, काय बदललं? मी म्हटलं, तुम्हाला दिसणार नाही, ज्यांना दिसतं त्यांना दिसलं.

संध्याकाळी बसून हिशेब मांडला. फुगवटा माझा. सावली माझी. चकाकी माझी. नऊ इंचांचं माप माझं; दहाव्या इंचाला काय होतं हे पुठ्ठे कापल्याशिवाय कोणालाही सांगता आलं नसतं. टिंबं आईची. मागं बसणं चंद्रमतीचं. असं नीट वाटून पाहिल्यावर माझा भाग कमी झाल्यासारखा वाटत नाही. उलट पहिल्यांदाच तो नेमका किती आहे ते समजलं.

३० एप्रिल, रविवार

व्यंकटरमण साडेदहाला आले. मी कागद त्यांच्यापुढं ठेवला. वसुमतीकडून एक ओळ वाढवून घेतली होती: अक्षरांच्या मांडणीची कल्पना माझी पत्नी सौ. चंद्रमतीबाई यांची; टिंबांची पद्धत माझी आई कै. वेंकूबाई यांची.

त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला.

"रायर, ही ओळ कशाला?"

"बरोबर आहे म्हणून."

"बरोबर असेल. पण वकील म्हणतील, ही तर दारातली रांगोळी आणि जेवणाची पंगत. कंपनीनं विकत काय घेतलं? ती ओळ काढा. बाकी सगळं ठरल्याप्रमाणे."

"ओळ ठेवायची नसेल तर तो शब्द काढा. एकट्यानं."

"तोच तर शब्द आम्हाला हवाय."

"मग जमत नाही."

त्यांना वाटलं मी भाव वाढवतोय. आणखी रक्कम सांगितली. दारामागं बांगड्या वाजल्या. मी तिकडं पाहिलं नाही. म्हटलं, "साहेब, मी दोनशे सतरा पाट्या लिहिल्यात. एकीवरही चुकीचा मजकूर गेलेला नाही. गिऱ्हाइकानं चुकीचा दिला तर मी परत विचारून येतो. आणि हा तर माझ्याच नावाखाली जाणार."

त्यांनी कागद उचलून नीट घडी केली. जाताना म्हणाले, "गाडी परत तिथं थांबली तर मी बघीन हो तुमची भिंत."

"जरूर बघा. अरिसि दुरुस्त केलंय."

चंद्रमती माझ्याशी दुपारभर बोलली नाही. चार वाजता कॉफी आणून आदळली. "सगळ्या तंजावुरात असा एक माणूस," म्हणाली, "आणि तो नेमका माझ्याच घरात." मग चुलीपाशी तिला वसुमतीला सांगताना ऐकलं, "आजीचंसुद्धा नाव घातलं होतं गं कागदात? वाचून दाखव ना परत."

तिनं नकार द्यायला सांगितलं नव्हतं. शेषगिरीरावांनी तर मुळीच नाही. त्यामुळे हे 'नाही' मात्र मी एकट्यानं, माझ्याच कल्पनेनं म्हटलेलं आहे. दुसऱ्या कोणाचाही त्यात कसलाच भाग नाही. याच्याखाली मी सही करतो. तुळजाराम राव.

शेषगिरीराव संध्याकाळपासून राजवीथीवर ज्याला त्याला सांगतायत की वेड्या भावोजीनं हजार रुपये घालवले. हजार चूक आहे. लोक चुकीचा आकडा पुढं सांगत राहतील, म्हणून इथं अचूक लिहून ठेवतो. मी नाकारलं ते असं: पुरी-अक्षराचे सगळे हक्क, कायमचे, अन्नम सोप वर्क्स, मद्रास यांना. त्याबद्दल मद्रासला महिना दोनशे पगाराची नोकरी. आणि रोख, आधी दोन हजार. मी नाही म्हटल्यावर, दुसऱ्यांदा, शेवटचा आकडा: रुपये दोन हजार सातशे पन्नास.